पांढरी, काळी आणि घराचा परवाना

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्याकडे जुनी आहे. ती ज्याने प्रथम उच्चारली त्याच्या डोळ्यांपुढे गवंड्याची मजुरी, लाकडाचा भाव, ऐन वेळी गावाला निघून गेलेला सुतार अशी संकटे असतील. आजच्या माणसापुढे यांच्या जोडीला आणखी एक संकट उभे असते. तो काटकसर करून पैसे जमवतो, चारसहा महिने हिंडून जागेचा एक तुकडा घेतो, नकाशा काढून घेतो, आणि विटा येऊन पडायच्या आधी एखादा जाणता माणूस त्याला विचारतो, “परवानगी कोणाची घेतलीत?”

इथून त्याची वणवण सुरू होते. ग्रामसेवक म्हणतात, “आमच्या हातात आता काही नाही, तहसीलला जा.” तहसील कचेरीत सांगतात, “हे काम नगररचना विभागाचं.” तिथे गेल्यावर कळते की ते गाव दुसऱ्याच एका प्राधिकरणाच्या हद्दीत गेले आहे. आणि शेजारी तर सगळ्यांवर कडी करतो. तो म्हणतो, “कशाला एवढा त्रास? बांधा घर आणि घरपट्टी लावून घ्या, झालं काम!” गंमत अशी की यांपैकी जाणूनबुजून खोटे कोणीच बोलत नसतो. प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या काळातला खरा नियम सांगत असतो. ते काळ मात्र वेगवेगळे असतात.

म्हणून घराची परवानगी कोण देतो, या प्रश्नाचे उत्तर शोधताना थोडे मागे जाऊन पाहिले तर गुंता बराच सुटतो. हा इतिहास लढायांचा नाही आणि राजांचाही नाही. तो आपल्या पायाखालच्या जमिनीचा आहे, आणि ज्याला घर बांधायचे आहे त्याच्या तो उपयोगी पडणारा आहे.

आपल्या जुन्या गावाचे दोन भाग असत. एक पांढरी आणि दुसरी काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, जिला आपण गावठाण म्हणतो. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरीत घरे, देवळे, चावडी, पार, काळीत नांगर. ही विभागणी इतकी खोल रुजली होती की गावाच्या निवाड्यांच्या जुन्या कागदांतही हे दोन शब्द जोडीने येतात. पांढरीत कोणी कोठे राहायचे हे गाव ठरवीत असे. गावच्या मिरासदाराची घरजागा पिढीजात चालत आलेली असे. बाहेरून आलेल्या उपऱ्याला घर घालायचे तर पाटील-कुळकर्ण्यांच्या आणि गावकऱ्यांच्या संमतीवाचून जागा मिळत नसे. घरजागेचा तंटा पडला तर गोतसभा बसे, साक्षी होत आणि महजर लिहिला जाई.

हे ऐकून कोणाला वाटेल, काय सोपा काळ होता! पाटलाला विचारले की संपले. पण या चित्राची दुसरी बाजू विसरता कामा नये. विचारायचे ते गावाला, आणि गावाच्या मनात जातीची उतरंड पक्की बसलेली. अमक्याने गावकुसाच्या आत राहावे आणि तमक्याने बाहेर, हे कोठल्याही अर्जावाचून ठरलेले होते. ज्यांचे घर वेशीबाहेर होते त्यांना आत घर बांधण्याची परवानगी मागण्याचीही सोय नव्हती. लेखी नियम, सर्वांना एकच अर्ज आणि नकाराला कारण देण्याचे बंधन, या गोष्टींचा कंटाळा करण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे.

गावाची ही रीत झाली. शहरात कारभार निराळा होता. पेशव्यांच्या अमदानीत पुण्याच्या पेठा वाढत वाढत अठरापर्यंत गेल्या. नवी पेठ वसवायची तर सरकार कौल देई, पेठेचा शेटे-महाजन नेमला जाई आणि वसाहतीला यावे म्हणून उदमी लोकांना काही वर्षे करांची सूट मिळे. शहराचा कारभार कोतवालाकडे होता. आपल्याला कोतवाल म्हटला की घाशीराम आठवतो. पण चोर पकडणे एवढेच काही कोतवालाचे काम नव्हते. तंटे तोडणे, बाजारभावावर नजर ठेवणे, शहरातल्या माणसांची मोजदाद करणे आणि जागांच्या खरेदी-विक्रीची चौकशी करून नोंद ठेवणे, ही सगळी कामे कोतवालीकडे होती. म्हणजे जागा कोणाची आहे याची नोंद आणि शहराच्या बंदोबस्ताची जबाबदारी एकाच ठिकाणी होती. पुढे इंग्रजी अमलात या दोन कामांची फारकत झाली. आपल्या आजच्या वणवणीचे मूळ त्या फारकतीत आहे.

१८१८ साली पेशवाई गेली. नव्या सरकारची पहिली काळजी घरांची नव्हती, सारावसुलीची होती. प्रिंगलने केलेली पहिली मोजणी फसली. मग १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी पाहणी सुरू केली. जमीन मोजली, तिचे तुकडे पाडून प्रत्येकाला क्रमांक दिला, हद्दीला दगड रोवले आणि मगदूर पाहून तीस वर्षांसाठी सारा ठरवला. आपण सात-बाराच्या उताऱ्यावर ‘सर्व्हे नंबर’ म्हणून जो आकडा वाचतो त्याचा जन्म या पाहणीत आहे.

आता या पाहणीतली एक मेख पाहा. सारा बसला तो काळीवर. पांढरीवर, म्हणजे गावठाणातल्या जागेवर, शेतसारा नव्हता. त्यामुळे गावठाणात कोणी घर बांधले तर सरकारी खजिन्याला त्याचे सोयरसुतक नसे. पण ज्या नंबरावर ज्वारीच्या हिशेबाने सारा ठरला आहे त्या नंबरावर कोणी घर बांधले, कारखाना काढला किंवा वीटभट्टी घातली तर? जमिनीचा उपयोग बदलला म्हणजे आकारही बदलायला हवा, असे सरकारचे म्हणणे. म्हणून १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात कलम ६५ आले. शेतीच्या जमिनीचा दुसऱ्या कामासाठी उपयोग करायचा असेल तर कलेक्टरची परवानगी घ्यावी, असे त्याने ठरवले. हीच आपली ‘बिनशेती’ परवानगी. “जागा एने झालीय का?” असे आपण आज सहज विचारतो, त्या प्रश्नाचे वय जवळजवळ दीडशे वर्षांचे आहे. १९६६ सालच्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत ती परवानगी कलम ४४ म्हणून पुढे चालू राहिली. ती मिळाल्यावर जो कागद हाती येई त्याला ‘सनद’ म्हणत. पातशाही दफ्तरातला हा शब्द कलेक्टर कचेरीत असा टिकून राहिला होता.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. कलेक्टरच्या या परवानगीने सरकार जमिनीविषयी बोलत होते, घराविषयी नव्हे. घराला खिडक्या आहेत का, भिंत पक्की आहे का, शेजाऱ्याचा उजेड अडतो का, हे पाहणे महसूल खात्याचे कामच नव्हते. ते काम दुसऱ्या एका संस्थेकडून आले. ती संस्था म्हणजे नगरपालिका, आणि तिची गोष्ट मुंबईपासून सुरू करावी लागते.

मुंबईच्या किल्ल्यात घरे एकमेकांना चिकटून होती. १८०३ च्या फेब्रुवारीत तिथे मोठी आग लागली आणि किल्ल्यातल्या वस्तीचा मोठा भाग भस्मसात झाला. दाट वस्ती ही एकट्यादुकट्याची खाजगी बाब राहत नाही, शेजाऱ्याच्या चुलीतली ठिणगी आपले घर जाळू शकते, हा धडा त्या आगीने शिकवला. पुढे कापसाच्या तेजीत शहर फुगले. १८६५ साली शहराचा कारभार एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती देण्यात आला आणि आर्थर क्रॉफर्ड त्या जागेवर आले. गटारे, रस्ते, बाजार यांच्या जोडीला घरांच्या बांधणीवरही पालिकेची नजर बसू लागली. या सगळ्याचा पक्का साचा म्हणजे १८८८ चा मुंबई म्युनिसिपल कायदा. तो दुरुस्त होत होत आजही चालू आहे.

या कायद्याची रचना मोठी पाहण्यासारखी आहे. आपल्याला वाटते की नागरिकाने परवानगी मागायची आणि कचेरीने द्यायची. १८८८ च्या कायद्याची भाषा तशी नाही. त्यात घर बांधणाऱ्याने कमिशनरला नोटीस द्यायची आहे, की “मी असे असे घर बांधणार.” कमिशनरला ते नापसंत असेल तर त्याने तीस दिवसांच्या आत तसे लेखी कळवायचे, कारणे सांगायची आणि काय केले म्हणजे हरकत राहणार नाही तेही सांगायचे. तीस दिवसांत काही कळवले नाही तर मालकाने कायद्याचे बाकीचे नियम पाळून काम सुरू करावे. म्हणजे घर बांधणे हा मालकाचा हक्क धरला आणि कचेरीकडे हरकत घेण्याचा अधिकार ठेवला. या रचनेतूनच मुंबईत एक अजब कागद जन्माला आला, आय.ओ.डी. नावाचा. त्याचा शब्दशः अर्थ ‘नापसंतीची सूचना’ असा होतो. या अमुक अटी पुऱ्या होईपर्यंत आम्हांला तुमचे घर नापसंत आहे, असे कळवणारा हा कागद. आणि तो हाती पडला की मुंबईकर पेढे वाटतो! कारण अटी पुऱ्या केल्या की नापसंती संपली. नवख्या माणसाला हा वेडेपणा वाटतो, पण त्यामागे हा इतिहास आहे.

१८७९ च्या महसूल कायद्यातही अशीच एक तरतूद होती. कलेक्टरने तीन महिन्यांत उत्तर दिले नाही तर परवानगी मिळाली असे धरावे. गप्प बसणाऱ्या कचेरीची किंमत अर्जदाराने का द्यावी, हा विचार परक्या सरकारच्या कायद्यातही होता, हे सांगण्यासारखे आहे.

१८९६ साली मुंबईत, मांडवी भागात, प्लेग आला. पुढच्या वर्षी तो पुण्यात होता. त्या दिवसांतले पुणे, रँडचा जुलूम आणि २२ जून १८९७ ची रात्र आपण शाळेत वाचलेली असते. घरांच्या इतिहासातही प्लेगने एक रेघ ओढली. अंधाऱ्या, कोंदट, एकाला एक लागून असलेल्या खोल्यांत माणसे कशी राहतात हे सरकारला पाहावे लागले. १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याकडे नवे भूखंड पाडले. ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनी घरांना उजेड-वारा मिळावा म्हणून साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. नियम ऐकायला अवघड, पण समजायला सोपा आहे. समोरची भिंत जेवढी उंच असेल तिच्या निदान निम्म्याइतकी मोकळी जागा मध्ये हवी. भिंत चाळीस फूट, तर मोकळी जागा वीस फूट. एवढी सोडली की तळमजल्याच्या खिडकीतूनही आकाशाचा तुकडा दिसतो. आज नकाशावर ‘सामासिक अंतर’ सोडताना आपण कुरकुर करतो. पण वहीला समास असतो तसा घराला असावा, ही शिकवण प्लेगात मेलेल्या माणसांच्या मोलाने मिळालेली आहे.

मुंबईबाहेरच्या गावांत १८७३ आणि १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्यांनी पालिकांचा कारभार बांधून दिला. पुढे स्वातंत्र्यानंतर १९४९ चा महानगरपालिकांचा कायदा आला. पुण्याची महानगरपालिका १९५० साली त्याखाली स्थापन झाली. म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चित्र असे होते : जमिनीविषयी विचारायचे ते कलेक्टरला, घराविषयी विचारायचे ते नगरपालिकेला, आणि खेड्याच्या गावठाणात पंचायतीला. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ५२ ने पंचायतीच्या पूर्वपरवानगीवाचून घर बांधू नये असे सांगितले. तेव्हाचे खेडे खेडेच होते. पंचायतीपुढे येणारी घरे गावातल्याच माणसांची होती.

या दोन धाग्यांत तिसरा धागा मिसळला तो नगररचनेचा. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. हिंदुस्थानातला तो या जातीचा पहिला कायदा. १९५४ च्या कायद्याने नगरपालिकेने आपल्या सगळ्या हद्दीचा विकास आराखडा करावा असे ठरले. आणि १९६६ साली महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला. तो १९६७ च्या जानेवारीत अमलात आला. आजच्या परवानगीचा मुख्य खांब हाच. त्याने ‘नियोजन प्राधिकरण’ नावाची कल्पना आणली. ज्या क्षेत्राचा आराखडा ज्या संस्थेने करायचा, त्या क्षेत्रात बांधकामाची परवानगीही तिनेच द्यायची. इथे आता केवळ नोटीस देऊन भागत नाही, लेखी परवानगी लागते. मात्र घराच्या आतली डागडुजी, बाहेरचे रूप न बदलणारी दुरुस्ती, अशा कामांना या कायद्याने मोकळीक ठेवली. आणि कचेरीच्या मौनाची जुनी तरतूदही राहिली : साठ दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे मानावे, मात्र बांधकाम नियमांत तंतोतंत बसले पाहिजे. याला ‘मानीव परवानगी’ म्हणतात. तिच्या जोरावर नियम मोडता येत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

मग घोळ कुठे झाला? तो हद्दींमध्ये झाला. कारण १९६६ नंतर नियोजन प्राधिकरणे एकाची अनेक झाली. औद्योगिक वसाहतीत एम.आय.डी.सी., नवी मुंबईसाठी १९७० साली सिडको, पिंपरी-चिंचवडला १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण. लष्कराच्या छावण्यांत तर कारभार पहिल्यापासून निराळा. पुण्याच्या कॅम्पात घराच्या परवानगीचा विषय पुणे महानगरपालिकेचा नव्हता, तो कॅन्टोन्मेंट बोर्डाचा होता. नागपुरात १९३६ च्या कायद्याने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि पुढे महानगरपालिका झाली. एकाच शहरात कोणत्या लेआउटला ट्रस्टकडे जायचे आणि कोणत्याला महापालिकेकडे, हे नागपूरकराला अनेक वर्षे विचारून घ्यावे लागले.

पुण्याच्या भोवतालची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १९९७ साली ३८ गावे पुणे महापालिकेत आली आणि पुढे त्यांतली काही बाहेर गेली. २०१५ साली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पी.एम.आर.डी.ए., स्थापन झाले आणि भोवतालच्या मोठ्या टापूतल्या परवानग्या त्याच्याकडे गेल्या. २०१७ साली ११ गावे आणि २०२१ साली आणखी २३ गावे महापालिकेत आली. पण या २३ गावांसाठी त्याच वर्षी नियोजन प्राधिकरण म्हणून पी.एम.आर.डी.ए.ला नेमण्यात आले. याचा अर्थ असा झाला की कचरा उचलणारी आणि घरपट्टी घेणारी संस्था एक आणि घराचा नकाशा मंजूर करणारी संस्था दुसरी. त्या गावातल्या एखाद्या माणसाने भाबडेपणाने म्हटले, “मी महापालिकेत राहतो, म्हणजे परवानगी महापालिकाच देणार,” तर त्याला दोष कसा द्यावा?

आता ज्याच्यासाठी हे सगळे सांगायचे त्या माणसाकडे येऊ. शहराच्या कडेला पाच-सहा किलोमीटरवर एक खेडे असते. शहरात नोकरी करणाऱ्या माणसाला शहरात जागा परवडत नाही. शेतकरी आपल्या नंबराचे एक-एक, दोन-दोन गुंठे पाडून विकतो. जमीन काळीतली; बिनशेती झालेली नाही. घेणारा पंचायतीकडे जातो, कागद घेतो, घर बांधतो. नमुना नंबर आठवर त्याचे नाव लागते, घरपट्टीची पावती येते, विजेचे मीटर येते. त्याला वाटते, सरकारदरबारी आपले घर लागले. पंधरा वर्षांनी ते गाव शहरात जाते आणि त्याला नोटीस येते, की तुमचे बांधकाम अनधिकृत आहे. तो पावत्यांचा गठ्ठा घेऊन कचेरीत जातो. कचेरी म्हणते, “ही कराची पावती आहे, परवानगी नाही.”

आणि कायद्याने कचेरीचे म्हणणे बरोबर असते! कर हा वापराबद्दल घेतात. तो भरला म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही. महानगरपालिकांच्या कायद्यात तर अनधिकृत बांधकामावर जादा शास्ती बसवण्याचे कलम घातले गेले आणि ती भरली तरी बांधकाम नियमित झाले असे समजू नये, असेही त्यातच सांगितले आहे. पिंपरी-चिंचवडच्या लोकांना ‘शास्तीकर’ हा शब्द काय होता ते वेगळे सांगायला नको. अशा घरांची संख्या एवढी वाढली की २००१ साली सरकारला गुंठेवारी नियमित करण्याचा स्वतंत्र कायदा करावा लागला आणि २०२१ साली त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाढवावी लागली. एखाद्या नियमाला हजारो प्रामाणिक माणसे चुकतात तेव्हा दोष सगळाच माणसांचा नसतो. नियम कोठे विचारायचा हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

पण परवानगी म्हणजे नुसता कागदी छळ, असेही कोणी समजू नये. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शिळफाट्याला परवानगीवाचून भराभर उभारलेली एक बहुमजली इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. त्या इमारतीचा नकाशा कोणी तपासला असता, जोत्यापाशी कोणी येऊन पाहिले असते, तर काय झाले असते याचा विचार आपण करावा.

आता व्यवहाराचे बोलू. “परवानगी कोण देतो?” हा प्रश्न कचेरीत जाऊन एकदम विचारू नये. त्याच्याआधी आपण स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : माझी जागा पांढरीत की काळीत? उताऱ्यावर शेतीचा गट किंवा सर्व्हे नंबर आहे, की गावठाणातली किंवा नगर भूमापनातली मिळकत आहे, हे पाहावे. सात-बारा आणि मिळकत पत्रिका यांतला फरक इथे कामी येतो. शंका असेल तर भूमी अभिलेख कचेरीतून मोजणी करून घ्यावी. शेतीची जागा असेल तर उपयोग बदलण्याचा प्रश्न महसूल खात्याशी सोडवावा लागतो. २०१४ आणि २०१७ च्या दुरुस्त्यांनी बऱ्याच ठिकाणी बिनशेतीचा वेगळा अर्ज करण्याची गरज काढली. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरांच्या आतल्या जागांनाही, राहत्या घरासाठी, सवलत दिली. मात्र ठरलेला आकार भरावा लागतोच. हे नियम वरचेवर बदलतात, तेव्हा चुलत्याने दहा वर्षांपूर्वी काय केले यावर विसंबू नये.

दुसरा प्रश्न : या जागेचा आराखडा कोणी केला आहे? हाच कळीचा प्रश्न. घरपट्टी कोण घेतो, पाणी कोण देतो, मत कोणत्या वॉर्डात आहे, यांवरून याचे उत्तर मिळत नाही. महापालिका किंवा नगरपरिषद असेल तर सामान्यतः तीच; विकास प्राधिकरण नेमलेले असेल तर ते; औद्योगिक क्षेत्रात एम.आय.डी.सी.; छावणीत कॅन्टोन्मेंटचा कारभार पाहणारी संस्था. यांपैकी काहीच नसेल आणि खेडे असेल, तर गावठाणाच्या आत ग्रामपंचायत आणि बाहेर जिल्हाधिकारी, नगररचना विभागाच्या सल्ल्याने. आपल्या गट नंबराचा ‘झोन दाखला’ आणि ‘भाग नकाशा’ मागावा. जी कचेरी तो आपल्या आराखड्यावरून देते तिच्याच दारात बहुधा आपला अर्ज जायचा असतो. आणि त्या दाखल्यावर ‘शेती विभाग’, ‘हरित पट्टा’ किंवा एखाद्या रस्त्याचे आरक्षण निघाले, तर जागा घेण्याआधी कळलेले बरे!

तिसरा प्रश्न : माझे काम केवढे आहे? २०२० च्या डिसेंबरात मुंबई शहर आणि काही क्षेत्रे वगळून राज्यासाठी एकत्रित नियमावली लागू झाली. तिने दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या लहान घरांसाठी रीत सोपी केली. परवानाधारक अभियंत्यामार्फत कागद आणि शुल्क दाखल केले की त्याची पोच हीच परवानगी, असे तिचे सूत्र. १८८८ सालच्या त्या नोटिशीची आठवण होते की नाही? मालकाने कळवावे आणि नियमाने बांधावे, ही जुनी कल्पना सव्वाशे वर्षांहून अधिक काळाने लहान माणसाच्या घरासाठी परत आली.

परवानगी हाती आल्यावर काम संपत नाही, हेही सांगून ठेवतो. प्रारंभ प्रमाणपत्राची मुदत सामान्यतः एक वर्षाची असते आणि ती वाढवून घ्यावी लागते. जोत्यापर्यंत काम आले की तपासणीचा दाखला आणि घर पुरे झाले की भोगवटा प्रमाणपत्र घ्यावे. आपल्याकडे वास्तुशांत न चुकता होते, भोगवटा प्रमाणपत्र मात्र राहून जाते. मग घर विकताना किंवा मुलांच्या नावे करताना त्याची आठवण होते. आणि जे कोणी तोंडी सांगेल ते लेखी मागावे. माहितीचा अधिकार २००५ पासून आणि ठरावीक मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क २०१५ पासून आपल्याला या राज्यात आहे. ‘आमच्याकडे हे काम नाही’ असे कचेरी म्हणाली तर ‘मग कोणाकडे आहे, तेवढे लिहून द्या’ असे नम्रपणे म्हणायला काहीच हरकत नाही.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत जमिनीच्या उपयोगाचे आणि इमारतींच्या बांधकामाचे नियमन हा नगरपालिकांचा विषय म्हणून लिहिला आहे. प्राधिकरणे वाढत गेली तशी ती गोष्ट कागदावर एक आणि व्यवहारात दुसरी झाली. त्याचा निकाल कधी लागायचा तो लागो. तोवर कोठल्या कचेरीचा शब्द कोठल्या हद्दीपर्यंत चालतो, हे घर बांधणाऱ्याने स्वतःच पाहून घ्यायला हवे. पूर्वी गावची सीमा चालून पाहत, शिवेचे दगड मोजीत आणि मगच निवाडा देत. ती रीत घर बांधणाऱ्याला आजही उपयोगी आहे. पायाचा दगड बसवण्यापूर्वी हद्दीचा दगड पाहून घ्यावा.